चांदीच्या टाकातली बाई

माझ्या आजीच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा टाक असायचा. अंगठ्याच्या नखाएवढा पातळ पत्रा आणि त्यावर ठोकलेली एक उभी बाई. तिचे नाकडोळे झिजून सपाट झालेले. आजी ही आजोबांची दुसरी बायको. पहिली वारली तर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, असा माझ्या सायखेड्याच्या आजोळचा रिवाज. नवं लुगडं आलं की आजी पदर आधी टाकाला लावायची, मग नेसायची. जेवताना पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवायची, तो टाकातल्या बाईचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आज्यांच्या गळ्यात अशी एकेक बाई असते.

आई नऊ वर्षांची असताना शेजारच्या एका म्हातारीनं तिला सांगितलं, "तू पहिलीची हायेस गं. ती गेली तवा तू रांगत व्हतीस." झालं. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. पंचाहत्तर वर्षं तिनं हे एक वाक्य मनात धरून ठेवलं. आजीला विचारणं शक्य नव्हतं. आजी सगळ्यांना "माझी थोरली" म्हणून सांगायची, तिला विचारायचं म्हणजे तिच्या तोंडावर तिचं आईपण काढून घ्यायचं. धाकट्या मावशीलाही विचारता येईना. मावशी दुसरीचीच, तिच्या जन्माची सगळ्या गल्लीला आठवण. तिला विचारायचं म्हणजे "आपण सावत्र का?" असंच विचारायचं. आमच्या घरात बायका एकमेकींना फार जपतात. या जपण्याचा मला अगदी वीट आलेला आहे.

चाळीस वर्षांपूर्वी आजी गेली. शेवटचे दोन महिने ती मावशीकडे सटाण्याला होती. तेराव्याला मावशीनं टाक आईच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आक्का, तू थोरली, तू ठेव." यात काही सुचवलंय का, याचा आईनं पुढं चाळीस वर्षं विचार केला. टाक कुंकवाच्या जुन्या डबीत पडून राहिला. "माझी आई असली तर देवात ठेवीन, नसली तर गंगेत सोडीन," असं ती म्हणायची. नाशिकमध्ये राहून गोदावरीच्या रामकुंडावर जायला तिला रिक्षाची दहा मिनिटं पुरली असती. गेली मात्र नाही.

मी जीवशास्त्राची शिक्षिका. कागद बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. आईच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव होतं, आईचं नव्हतंच. एका जुन्या कागदावर आजोबांच्या बायकोचं नाव सापडलं तेव्हा मी खूश झाले. मग कळलं, की पणजीनं पहिल्या सुनेचं लग्नात ठेवलेलं नावच दुसरीलाही ठेवलं होतं. हाक मारायची सवय मोडायला नको, एवढाच हिशेब. त्र्यंबकेश्वरला आजोळच्या घराण्याचे उपाध्ये आहेत, त्यांच्या वंशावळीच्या वहीत आजोबांचं पान निघालं. त्यात आजोबांचे वडील, आजोबा, भाऊ, मुलगा, पुतणे, सगळे ओळीनं हजर होते. मुलींची ओळच नव्हती. उपाध्ये भला माणूस, त्यांनी चहा पाजला.

निवृत्त झाल्यावर एकदा मुलाला फोनवर हे सगळं सांगत होते. तो म्हणाला, "अगं, तू आयुष्यभर तंतुकणिका शिकवल्यास ना?" मला माझीच लाज वाटली. पेशीतल्या या तंतुकणिका मुलांना फक्त आईकडून मिळतात, बापाच्या येत नाहीत. त्यांच्यातला जनुकीय मजकूर आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. हे मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल! आई आणि मावशी, दोघींची चाचणी करायची. मजकूर वेगळा आला तर दोघींच्या आया वेगळ्या, एकच आला तर आई एक. इतकं सोपं. मुलानं दोन नळ्या मागवून दिल्या.

नळीत थुंकायचं म्हटल्यावर आईनं तोंड फिरवलं. "शी! आणि ते उष्टं पोस्टानं पाठवायचं?" शेवटी तयार झाली, तर कवळी काढलेल्या तोंडाला लाळच सुटेना. मी चिंचेचा गोळा आणून नुसता समोर धरला, तेव्हा कुठे नळी रेषेपर्यंत भरली. मावशीला मी आजार कळतात वगैरे थाप मारली. सटाण्याच्या तिच्या ओट्यावर नळी उलटीसुलटी करत ती म्हणाली, "हाई काय शे? एवढुशा नळीत काय कळतं?" पण तिनं एका दमात भरून दिली.

अहवाल दोन महिन्यांनी मोबाइलवर आला. त्यात जगाचा नकाशा होता. आफ्रिकेतून एक बाण निघून समुद्राच्या काठाकाठानं हिंदुस्थानात येत होता, आणि इथं त्याला खूप फांद्या फुटल्या होत्या. आईची फांदी 'एम' नावाच्या मोठ्या खोडातली. हे खोड आपल्या देशात सर्वांत जास्त पसरलेलं, डोंगरातल्या पाड्यापासून शहरातल्या बंगल्यापर्यंत. जातीचा रकाना अहवालात नव्हता, ते मला फार आवडलं. पण नुसतं 'एम' जुळून काय होतं? निम्मा देश जुळेल. मी पुढचे आकडे आणि अक्षरं बोट ठेवून ताडून बघितली. शेवटच्या अक्षरापर्यंत दोघींची एकच.

तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मला एकच मुलगा. इतक्या हजारो वर्षांत एकीकडून दुसरीकडे येत राहिलेलं हे माझ्याकडून कोणाकडेच जाणार नव्हतं. मला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. मग मावशीच्या लेकीची लेक आठवली, सटाण्यात अंगणवाडीत जाते ती. चला, तिच्याकडे आहे.

आईला घरी काही सांगितलं नाही. दोघींना समोरासमोर बसवून सांगायचं ठरवून तिला सटाण्याला घेऊन गेले. मावशीकडे चाळीत साठवलेले कांदे निवडणं चाललं होतं, हात झटकत ती ओट्यावर आली. मी वर्गात बोलते तशी बोलले. म्हातारी काय म्हणाली होती, आईनं काय मनात ठेवलं, थापा का मारल्या, सगळं सांगितलं आणि शेवटी निकाल दिला, "आई, तुम्ही दोघी एका आईच्या. जिनं वाढवलं तीच तुझी आई."

आईनं डोळे पुसले. पिशवीतून कुंकवाची डबी काढली. तिनं ती बरोबर आणली होती हे मला माहीतच नव्हतं. "मग परत जाताना हिला गंगेत सोडू," ती म्हणाली.

"काय सोडते?" मावशी ओरडलीच. "आक्का, ती आईची सख्खी थोरली बहीण हाय! थोरली मेली म्हणून धाकटीला त्याच घरात दिली. आईनं मरायच्या आधी मला सांगितलं. मला वाटलं तुला ठावं हाय."

आईला माहीत नव्हतं. तिच्या एकुलत्या मामाच्या तोंडूनही कधी निघालं नव्हतं. आईला आजोळ एकच होतं, दुसरं कधी नव्हतंच, ही साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत खटकली नव्हती. बहिणीच्या जागी बहीण देणं आमच्याकडे काही नवलाचं नाही. आणि सख्ख्या बहिणींच्या तंतुकणिका एकच असतात, हे तर नववीच्या पोरानंही सांगितलं असतं. म्हणजे आई पहिलीची असती तरी उत्तर हेच आलं असतं. इतका खटाटोप करून मला काहीच कळलेलं नव्हतं. मी कांद्याच्या ढिगाकडे बघत बसले.

"मग आईनं तुला काय सांगितलं? मी कोणाची?" आईनं विचारलं. पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

"ते नाय सांगितलं. मीबी नाय विचारलं," मावशी म्हणाली. "मला काय करायचं व्हतं विचारून?"

मी लगेच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, दुसरी एक चाचणी आहे, तिच्यात सगळा मजकूर तपासतात. सख्ख्या बहिणी की सावत्र, ते तिच्यात बऱ्यापैकी कळेल, त्याच नळ्या चालतील, फक्त हो म्हणा. मी उत्साहानं आईकडे वळले. माझी चूक दुरुस्त होणार होती.

"नको," आई म्हणाली.

"अगं, आता एक पाऊल राहिलंय!"

"सकाळपर्यंत मला एक आई होती आणि एक शंका होती. आता दोघी आहेत. तुझी चाचणी केली की त्यातली एक कमी होईल."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. परतताना सौंदाण्यापर्यंत मी मोबाइलवर तो अहवालच वरखाली करत राहिले. ती खिडकीतून बाहेर बघत होती, डबी मांडीवर.

घरी आल्यावर तिनं टाक चिंचेनं घासला आणि देवात ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा तिनं भाताचा एक घास ताटाबाहेर काढला. आजीनंतर आमच्या घरात हे कोणी केलं नव्हतं. मग थोडं थांबून तिनं शेजारी दुसरा घास ठेवला.

तेव्हापासून रोज दोन घास असतात. त्यातला तिच्या आईचा कुठला आणि तिच्या मावशीचा कुठला, ते मी विचारलेलं नाही.