चूलबंद आवतान

सासूबाईंना मी आत्या म्हणते. उमरग्यात आमच्या गल्लीत त्यांच्या ज्वारीच्या भाकरीला तोड नाही, आणि हे त्या स्वतःच सांगतात. माझी भाकरी थापतानाच चिरते. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, पण परातीपुढं माझी पदवी कुणी विचारत नाही.

म्हणून आत्यांची बोटं सुजून आखडायला लागली तेव्हा घरात सगळ्यात जास्त धास्ती मीच घेतली. संधिवात निघाला. दोन-तीन औषधं करून पाहिली, शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी दिली.

"ही आत जाऊन करती काय?" आत्यांनी विचारलं. न समजलेली गोळी त्या घेत नाहीत.

मी लगेच शिकवायला बसले. सायटोकाईन म्हणजे शरीरातला निरोप्या. तो पेशीत शिरत नाही, दारातूनच सांगतो. दाराच्या आतल्या बाजूला कायनेज नावाची प्रथिनं बसलेली असतात. निरोप आला की ती एकमेकांवर आणि मग पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा ठिपका ठेवतात. ठिपका लागलेलं प्रथिन थेट केंद्रकात जातं आणि सांगतं, कामाला लागा, सूज आणा.

आत्यांचे डोळे मिटायला लागले होते. मग मी चूलबंद आवतानावर आले. लग्नाचं जेवण अख्ख्या घराला असलं की सांगणारा आमच्याकडं उंबऱ्याबाहेरूनच पुकारतो, "चूलबंद आवतान हाय." पुढच्या सोप्यात बसलेली सून ते ऐकते, आत चुलीपर्यंत पोचवते, आणि सगळं घर जेवायला निघतं.

"तुमच्या बोटांत लग्न नसताना रोज आवतान येतंय," मी म्हटलं. "गाव गोळा होतोय. ही गोळी त्या सोप्यातल्या सुनेला गप्प बसवते."

"गोळीनं सून गप बसती व्हय? मग लई आधी आणायची व्हती."

दोन महिन्यांत सूज उतरली. आत्या पुन्हा परातीशी बसल्या आणि माझी सुटका झाली. मी वर्गातही हेच उदाहरण देऊ लागले. स्वतःवर भलतीच खूश होते.

मग एकदा धुण्यात त्यांच्या साडीला कमरेपाशी तांबडे डाग दिसले. रक्त वाटलं, पण ती काव होती, फोडांवर लावतात ती तांबडी माती. आत्यांना नागीण झाली होती. पाठीपासून पोटाकडं फोडांचा पट्टा आला होता. त्याची दोन तोंडं मिळू नयेत म्हणून तीन दिवस त्या पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हातारीकडून काव लावून घेत होत्या.

मी चिडले. "मला का नाही सांगितलं?"

"गोळी बंद केली असतीस." त्या आपल्या बोटांकडं बघत होत्या. "तूच म्हनलीस न्हवं, आतली सून गप हाय. मग खरं आवतान आलं तर तिनं कसं सांगावं? मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

मला लाज वाटली. विषाणू आल्याचा निरोपसुद्धा त्याच वाटेनं जातो, हे मी मुलांकडून घोकून घेते. ताप किंवा पुरळ आलं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. उदाहरणाच्या नादात मी ते आत्यांना सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी थांबवली, नागिणीचं औषध दिलं. फोड वाळले आणि बोटं पुन्हा सुजली. ते पाच-सहा आठवडे भाकरी मी केली. आत्या शेजारी बसून सूचना करायच्या. एकदा त्यांच्या हातून चहाची कपबशी सुटली. तेव्हा त्या रडल्या, आणि मीही.

गोळी परत सुरू झाली त्या सकाळी त्यांनी मला न्हाणीतून हाक मारली. मी गेले तर पाठ माझ्याकडं करून बसलेल्या.

"बघ, काय उठलंय का. आतलीला गप बसवलंय, तर भायेरच्या सुनंनं तरी बघाया नको?"

काही उठलं नव्हतं. तरी मी दोनदा पाहिलं. आता रोज पाहते.