आत आहे, पण घेत नाही

आमच्या मशीनला निरोप जपून ठेवायची सवय नाही. याचा राग मला त्या दुपारी आला तेवढा आधी कधीच आला नव्हता.

अंधेरीत एका विमा कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे सगळ्यांचं काम चालवणारा मोठा कॉम्प्युटर, सांभाळणं हे माझं काम. मशीनच्या खोलीत मोबाइल चालत नाही, तो दाराबाहेरच्या लॉकरमध्ये. घरून फोन आला तर खालच्या हेल्पडेस्कवर घेतात आणि तिथला माणूस निरोप टाइप करून आमच्या स्क्रीनवर पाठवतो. लॉग ऑफ करून गेलात तर मशीन त्याला सांगतं, हा माणूस इथे नाही. पण आम्ही सहसा लॉग ऑफ करत नाही, कारण मग आत चाललेलं काम मरतं. जागेवरून उठताना नुसतं डिस्कनेक्ट करतो. काम चालू राहतं, स्क्रीन तेवढी सुटते. अशा वेळी निरोप आला तर मशीन पाठवणाऱ्याला रोखठोक कळवतं, आत आहे, पण घेत नाही. आणि निरोप टाकून देतं. म्हणून प्रत्येक जण आपला एक सेकंडरी नेमतो. मी डिस्कनेक्ट असले की माझे निरोप माझ्या नावासकट सेकंडरीच्या स्क्रीनवर जातात. माझी सेकंडरी बाजूच्या टेबलवरची, कांदिवलीहून येणारी मालवणी मैत्रीण. तिची सेकंडरी मी. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

त्या दिवशी आईच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. भाऊ तिला मुलुंडहून घाटकोपरच्या हॉस्पिटलात घेऊन गेला होता आणि रिपोर्ट हातात आला की हेल्पडेस्कला फोन करणार होता. सकाळपासून मी स्क्रीनकडे टक लावून बसले होते. कुणाचाही फालतू निरोप उमटला तरी मी खुर्चीतून अर्धी उठायचे. प्रिंटरचा कागद संपल्याचं कुणी कळवलं, तर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

शेवटी असह्य होऊन मी डिस्कनेक्ट केलं. म्हटलं, वाईट असेल तर आधी मैत्रिणीने वाचावं, मला तिच्या तोंडून कळावं. भित्री आहे मी, काय करू?

"बस तू. निरोप इलो काय सांगतंय तुका," ती म्हणाली.

बसवेना. मी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. पाणी प्यायले, परत प्यायले, एसीची थंडी वाजते म्हणून शाल घेतली, लगेच काढून टाकली. तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायचे आणि तिने मान वळवली की पळायचे.

"गो बाय, तुका बघून माकाच घाम फुटलो," ती उठलीच. "चल, चाय घेऊया." हाताला धरून मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेली.

चहा आला. तिने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"गो, उठताना मियां पण डिस्कनेक्ट केलंय. हाताक सवय ना."

"मग तुझी सेकंडरी..."

"तू."

वाट लागली होती. माझा निरोप तिच्याकडे जाणार, तिचा माझ्याकडे, आणि आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये. चहा तसाच टाकून आम्ही खाली धावलो. जिन्यात मला एकच सुचत होतं, भावाचा फोन येऊन गेला असणार, आता मी केला तर तो उचलणार नाही, आणि उचलला नाही की मला वाटणार रिपोर्ट वाईटच आहे.

हेल्पडेस्कवरचा माणूस रिसीव्हर हातात धरून आमचीच वाट बघत होता.

"काय मॅडम, दोघी आत आहात आणि दोघी घेत नाही, असं सांगतंय मशीन."

"भावाने फोन ठेवला?"

"भाऊ नाही, आई आहेत. मी म्हटलं, निरोप जात नाहीये, नंतर करा. तर म्हणाल्या, मी थांबते."

त्याने रिसीव्हर पुढे केला. माझा हात उठेना. मैत्रिणीने तो घेऊन माझ्या कानाला लावला.

"अगं, साधीच गाठ आहे," आई म्हणाली. "हा औषधं आणायला गेलाय, म्हटलं मीच सांगते. ऐकतेस ना? तो फोनवरचा बाबा म्हणाला, तू घेत नाहीयेस."

"घेतेय गं," म्हणाले आणि तिथेच काउंटरला धरून रडले.