उदाजीराव आणि जोडणारी क्रियापदं

धार आणि देवासच्या मराठा घरांत लग्न जमवायचं म्हटलं की उदाजीराव जगतापांना फोन जायचा. पीथमपूरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचं कोण, धाकट्या पातीचं कोण, कुणाचं देवक काय, कुणाच्या आजीचं माहेर कुठलं, सगळं तोंडपाठ. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी कृतिका देवासला दिलेली. ते धारला एकटेच राहत आणि दुसऱ्यांचे संसार जमवून देत.

अडचण आली ती भाषेची. हल्लीच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून उदाजीराव व्हॉट्सॲपवर इंग्रजीत लिहू लागले. देवासच्या नारायणरावांना त्यांनी कळवलं, की रविवारी मुलगा येतोय, त्याने आणि तुमच्या स्वप्नालीने 'हुक अप' करावं, नंतर घरची मंडळी 'जॉइन इन' करतील.

नारायणरावांचा फोन आला. "उदाजीराव, हे काय लिहिलंत? स्वप्नालीला वाचायला दिलं तर हसत आत गेली. अर्थ सांगायला तयार नाही."

"अर्थ सोपा आहे. हुक म्हणजे आकडा. आकडा अडकवायचा."

खरा अर्थ संध्याकाळी नारायणरावांना त्यांच्या भाच्याने सांगितला: हुक अप म्हणजे एकत्र झोपणं. लग्नाआधी, रविवारी, आणि वर घरच्यांनीही सामील व्हायचं. ते स्थळ तिथंच मोडलं.

दुसऱ्या दिवशी उदाजीरावांनी बस स्टँडजवळच्या अंकिताच्या स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये नाव घातलं. अंकिताने पहिल्याच तासाला सांगितलं, "चला, पेअर अप." मुलंमुली भराभर जोड्या करून बसली. उरले उदाजीराव आणि वासंती मुळे. या बाई सरकारी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. मांडूला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना गाइड काहीही सांगतात आणि आपल्याला ते इंग्रजीत खोडता येत नाही, या एका रागापायी त्या क्लासला आल्या होत्या.

दोघांनी मिळून वाक्यं करायची होती. उदाजीरावांनी 'मेक अप' घेतलं आणि पावडर-लालीचं वाक्य रचलं.

"भांडण मिटवणं, असाही अर्थ आहे," वासंतीबाई म्हणाल्या.

"मग 'ब्रेक अप'?"

"नातं तोडणं."

"दोन्हीकडे अप कसं? हे काही सरळ लोकांचं काम दिसत नाही."

वासंतीबाई हसल्या. पुढे रविवारी त्या मांडूला निघाल्या की उदाजीराव स्कूटर काढू लागले. त्या पाहुण्यांना जहाज महालाच्या सावलीत उभं करून इतिहास सांगत, आणि उदाजीराव मागे पाण्याची बाटली धरून ऐकत. क्लास संपला, स्कूटर चालूच राहिली.

असंच एकदा तळ्याच्या काठावर बसले असताना उदाजीराव घसा खाकरून म्हणाले, "वासंतीबाई, आय वॉन्ट टू जॉइन अप विथ यू."

"जॉइन अप म्हणजे फौजेत भरती होणं."

"मग बरोबर कोणतं?"

"मराठीत विचारा ना."

 मराठीत हा प्रश्न उदाजीरावांनी जन्मभर दुसऱ्यांसाठी विचारला होता, आणि तो सुरू व्हायचा कुळापासून. "मराठीत आधी तुमची जात आडवी येते," ते शेवटी म्हणाले.

"माझी जात मला ठाऊक आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही पुढचं विचारा."

त्यांनी विचारलं. बाईंनी विचार करायला एक आठवडा घेतला आणि हो म्हटलं.

कृतिकाला सांगायला ते स्वतः देवासला गेले. तिने चहा ठेवला, ऐकून घेतलं. लग्नाआधी तिला इंदूरच्या ऑफिसातला एक गुजराती मुलगा आवडला होता. उदाजीरावांनी ते महिन्याभरात संपवलं आणि तिला इथं दिलं.

"आबा, माझ्या वेळी तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?"

"घराणी जुळली पाहिजेत, असं म्हणालो होतो."

"मग आता?"

"आता मला कळत नाही, तेव्हा एवढं ठाम कसं बोललो."

 चहा पूर्ण पिऊन जा, एवढंच ती म्हणाली.

लग्न कचेरीत नोंदलं. उदाजीरावांनी जमवलेल्या इतक्या जोडप्यांपैकी कुणी फिरकलं नाही. नारायणरावांनी तर समाजाच्या ग्रुपमधून त्यांचं नाव काढलं आणि हे मराठीत कळवलं. साक्षीदार कमी पडत होते, तेवढ्यात कृतिका आली. तिने सही केली, वासंतीबाईंना नमस्कार केला आणि न जेवता परत गेली.

त्यानंतर स्थळासाठी फोन येणं बंद झालं. क्लासमधली मुलं मात्र घरी येतात. घरच्यांपासून लपवून कुणी कुणाशी जमवलंय, हे उदाजीरावांना सांगतात, तुम्हीच आमच्या वडलांशी बोला म्हणून गळ घालतात. उदाजीराव जातात. बहुतेक घरांत त्यांना आत बोलावत नाहीत.

कृतिकाचा फोन दर आठवड्याला येतो. आबांना ती जेवलात का, एवढंच विचारते. मग म्हणते, "बाईंना द्या," आणि वासंतीबाई फोन घेऊन गॅलरीत जातात. तिथं बराच वेळ बोलणं चालतं. काय बोलणं झालं ते उदाजीराव विचारत नाहीत.