थोरलीच्या वेळचा वारा

थोरलीच्या वेळी आम्ही इथे आखातात, अल अझीझिया भागात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. नवरा समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर कामाला. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. दिवस भरायच्या आधी तो चांगला आठवडाभर घरी असणार, असा आमचा हिशोब होता. वसईहून आई येऊ शकत नव्हती, कारण पप्पांचं डायलिसिस सुरू होतं.

तो गुरुवारी यायचा होता. मंगळवारपासून उत्तरेचा वारा सुटला. इथला हिवाळा म्हणजे एरवी एक स्वेटर पुरतो, पण त्या आठवड्यात खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबून मी दोन ब्लँकेटं घेऊन बसले होते. बुधवारी पाऊसही सुरू झाला. गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला.

"हेलिकॉप्टर उडत नाहीये. वारा पडला की लगेच निघतो. तू बरी आहेस ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. खरं तर पहाटेपासून कंबर दुखत होती. पण सांगून तो काय करणार होता?

अकराच्या सुमारास अंगावरून पाणी गेलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडी निघतेय, पण रस्त्यांवर पाणी आहे, वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. अर्धा तास मी दाराशी बॅग घेऊन खुर्चीत बसून होते. मग कळा जवळजवळ यायला लागल्या, तेव्हा समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

तिथे एक सुदानी बाई राहायची. दोन वर्षांत आम्ही लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे गेलो नव्हतो. तिने माझ्याकडे पाहिलं, आत मुलांना काहीतरी ओरडून सांगितलं, गाडीची किल्ली उचलली आणि माझी बॅग हातात घेतली. "यल्ला, यल्ला."

तिची गाडी उंच होती म्हणून निभावलं. चौकात पाणी अर्ध्या चाकापर्यंत आलं होतं. ती सावकाश चालवत होती. मध्येच तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हजबंड?"

मला मोजके अरबी शब्द येत होते, त्यातला एक कामी आला. "बहर," मी म्हटलं. समुद्र.

तिने नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

हॉस्पिटलच्या दारात मला व्हीलचेअरवर बसवून ती परत गेली. घरी तिची तीन लहान मुलं एकटी होती. आत नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "साथ में कौन है?" मी म्हटलं, "कोई नहीं." तिने पेन थांबवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा रकाना भरला.

मुलगी संध्याकाळी पाच वाजता झाली. नवऱ्याचा फोन लागला तेव्हा आवाज तुटत होता. "कुणासारखी दिसते?" तो विचारत होता. मी सांगितलं, "तुझ्यासारखी." ती खरं तर कुणासारखीच दिसत नव्हती. लाल, सुजलेली, अनोळखी. मलाच तिची ओळख पटत नव्हती, आणि हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

शेजारच्या खाटेभोवती दिवसभर माणसं असायची. कॉफीचे थर्मास, खजुराचे डबे, हसणं. त्यांच्यातल्या एका म्हातारीने मला खजूर दिले आणि खुणेनेच विचारलं, आई कुठेय? मी "इंडिया" म्हटलं. ती इतक्या कळवळ्याने काहीतरी बोलायला लागली, की मी पडदा ओढून झोपेचं सोंग घेतलं. उशाशी रोझरीची माळ होती, पण प्रार्थनेच्या ओळी मध्येच विसरत होते.

तिसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन टॅक्सीने घरी आले. नवरा पाचव्या दिवशी पोचला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने कितीतरी वेळ हात धुतले, मग भीतभीत मुलीला घेतलं आणि रडला.

"कसं झालं सगळं?" त्याने विचारलं.

"शेजारणीने सोडलं. नॉर्मल झाली."

त्याने आणखी विचारलं असतं तर कदाचित बोलले असते. पण तो दमला होता. मुलीला छातीवर घेऊन तो तसाच झोपी गेला, आणि मी भात लावायला उठले.