दोनशे वर्षांची म्हणून घेतलेली तलवार

अनसिंगात कुणाच्या माळ्यावर जुनी तलवार सापडली की ती आधी भिवाजीच्या वेल्डिंगच्या दुकानात यायची. भिवाजीने फौजेच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं हत्यारं दुरुस्त केली होती. लोखंड हातात घेतलं की त्याला त्याचं वय कळे. माणूस मात्र भारी तिखट. खोटं दिसलं की त्याच्या जिभेला लगाम राहत नसे. बायको भागिरथा म्हणायची, "फौजेनं तुमाले सारं शिकोलं, गोड बोलनं तेवढं राह्यलं."

रामराव त्याचा शाळासोबती, गावातला बागायतदार. एक दिवस त्याचा फोन आला.

"भिवा, वाशीमले चाल. एक तलवार पाहाची हाये. दोनशे वर्साची हाये म्हंते तो मानूस."

वाशीमच्या लॉजवर एका परगावच्या व्यापाऱ्याने खोली घेतली होती. त्याने लाल मखमलीतून तलवार काढली आणि लढायांच्या गोष्टी सांगायला लागला. भिवाजीने तिकडे कानच दिला नाही. तेलाचं बोट पात्यावरून फिरवलं, तर बोट विटकरी झालं. जुना गंज काळपट असतो, कातडीसारखा चिकटून बसतो. हा ॲसिड टाकून आणलेला गंज, नुसती भुकटी. मग त्याने मूठ नखाने टोकरली. जुन्या मुठीत पातं लाखेनं बसवलेलं असतं. इथं लाखेचा कणही नव्हता. तलवार पेलून पाहिली, तर सारा भार टोकाकडे. अशी तलवार घेऊन कोण लढणार?

"ट्रकच्या कमानीचा पाटा हाये हा," तो व्यापाऱ्याच्या तोंडावर म्हणाला. "मूठ वेल्डिंगनं जोडली, वरून रंग मारला. वर्सभराचीबी नाई. रामराव, ऊठ."

रामराव उठला. परतताना गाडीत तो तोंड पाडून बसला. भिवाजीला वाटलं, बिचाऱ्याचा हिरमोड झाला.

पंधरा दिवसांनी लेक पल्लवीने मोबाइल पुढे धरला. "बाबा, हे पाहा. चौकातलं फ्लेक्स." त्यावर रामरावचा फोटो आणि व्यापाऱ्याची तीच तलवार होती; म्हणजे रामरावने मागाहून ती घेतलीच होती. खाली लिहिलं होतं, 'आमच्या घराण्याची दोनशे वर्षांची तलवार. पारख : माजी सैनिक भिवाजी.' शस्त्रपूजनाला सर्वांना आमंत्रण होतं, आणि ते आजच होतं.

भिवाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं काम तसंच टाकून तो निघाला. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा होता, तेवढाच सोबत.

रामरावच्या अंगणात मांडव होता, शे-दीडशे माणसं होती. पाटावर तलवार, तिला हार.

"रामराव, म्या काय सांगतलं होतं तुले?"

रामराव लगबगीने जवळ आला. "हळू बोल ना भौ. गावाले काय कयते? तुयं नाव मोठ्या अक्षरात टाकलं, शालबी आनली तुले."

"माया नावानं खोटं काहून खपवतं? पुस मायं नाव."

लोक माना वळवून पाहायला लागले. रामरावचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "तुमच्या लोकांले मान पचतच नाई!"

शाळासोबत्याने भर मांडवात जात काढली होती. हात उचलावा असं भिवाजीच्या एकदा मनात आलं. पण त्याने हात तलवारीला घातला. हार बाजूला सारला, मुठीखाली पॉलिश पेपर धरला आणि खसाखसा घासलं. रंग उडाला. खाली वेल्डिंगची पांढरी, गुठळ्यांची रेघ उघडी पडली.

"पाहा सारे! हे लाइटीवरचं वेल्डिंग हाये. दोनशे वर्सापयले अनसिंगात लाइट होती काय?"

मागून कुणीतरी फसकन हसलं. रामरावची आई चतुराबाई खुर्चीवरून म्हणाली, "अरे रामा, आपल्या घरात तलवार कवा होती? तुया आजानं जनमभर वावरात पेरनीची तिफन धरली. त्याची लाज वाटते का तुले?"

रामराव तलवार उचलून आत निघून गेला. लोक नाश्ता करून पांगले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवरच्या भिवाजीच्या नावावर पांढरा कागद चिकटला होता. तलवार मात्र रामरावच्या बैठकीत अजूनही टांगलेली आहे, असं म्हणतात.

महिन्याभराने चतुराबाई काठी टेकत दुकानात आली. "बापू, त्याचं चुकलं. मी पदर पसरतो."

भिवाजीने घाईने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. पण आवाज नरमला नाही. "माय, तू कायले पदर पसरतं? तलवारीचा राग तर मी तवाच इसरलो. तो माया लोकांले बोलला, चारचौघात. आता चारचौघातच येऊन 'चुकलो' म्हन, असं सांग त्याले."

म्हातारी मान हलवत गेली. याला आता दीड वर्ष होईल. रामरावची गाडी रोज दुकानासमोरून जाते, काच वर करून. ती दिसली की भिवाजी हातातलं काम थांबवतो आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे सरळ बघत उभा राहतो.