मेळा झाला की जाते

परतूरला आमचा देशी झाडांचा मेळा भरतो. पेरण्या उरकल्या की जुलैतल्या एखाद्या रविवारी, शाळेच्या मैदानावर. आमची संस्था नाही की ऑफिस नाही. मी शाळेत शिकवते, एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर आहेत, एक शिंपी जोडपं आहे, आणखी काही माणसं. गच्चीवर, अंगणात दुधाच्या पिशव्यांत वर्षभर रोपं वाढवायची आणि त्या दिवशी आणून मांडायची. भोकर, कवठ, बहावा, हिवर, धामण. नर्सरीत सहसा मिळत नाहीत अशी.

हे सुरू केलं ते सिस्टरनं. ती कुंभार पिंपळगावकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. आम्ही शेजारणी, पण शेवटपर्यंत ती मला ‘मॅडम’ म्हणायची आणि मी तिला ‘सिस्टर’. लसीकरणाला वाड्या-तांड्यांवर जायची तेव्हा लेकराला सुई टोचून झाली की त्याच्या आईला म्हणायची, “तुमच्या बांधावरचं भोकर पिकलं की बिया ठेवा बरं का माझ्यासाठी.” बायका खरंच ठेवायच्या. तिच्या स्कूटीच्या डिकीत औषधांच्या डब्याशेजारी कुणाकुणाच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या बियांच्या पुरचुंड्या असायच्या. एकदा मी हसले तर म्हणाली, “हसा तुम्ही. इतकी वर्षं लस दिली, आता मागायला लागले, एवढंच.”

तिचा नवरा लेक लहान असतानाच गेला होता. लेकीला तिनं एकटीनं शिकवलं, ती पुण्यात नोकरीला लागली. मागे राहिली सिस्टर आणि तिची गच्ची. गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात ती उतरलेली दिसायला लागली. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे. मी विचारलं तर म्हणाली, “मी उन्हाळ्यात अशीच वाळते, मॅडम.” जेवण जात नाही म्हणायची, पित्त आहे म्हणायची. स्वतः नर्स असलेल्या बाईला मी काय सांगणार? मेळ्याच्या दिवशी मात्र ती सकाळपासून उभी होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बहाव्याचं रोप उचलून विचारलं, “ह्याचा उपयोग काय, बाई?” ती म्हणाली, “काहीच न्हाई, आज्जा. उन्हाळ्यात नुसतं बघायचं.” त्यानं दोन नेली. ती पोटावर हात दाबून हसत होती, आणि मला वाटलं, हसून हसून पोट दुखतंय.

मेळा झाला आणि ती संभाजीनगरला गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. दिवाळीच्या आत ती गेली. पुण्यानुमोदनाला गावोगावच्या बायका आल्या. त्रिशरण-पंचशील झालं, कंडक्टर बोलायला उठले आणि दोन वाक्यांनंतर खाली बसले.

पुढच्या वर्षी मेळा भरवायचा की नाही यावर आमचं एकमत होईना. शेवटी भरवला. सकाळीच मैदानाच्या फाटकात एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून सिस्टरची लेक उतरली. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या ती घेऊन आली होती. घर भाड्यानं द्यायचं होतं.

“हे तुमचं, मावशी,” ती म्हणाली. “ज्याला न्यायचं त्याला देऊन टाका.”

मी तिला जवळ घ्यायला गेले. ती मागे सरली.

“तिच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला उन्हाळ्यातच सांगितलं होतं, लवकर जाऊन तपासून घ्या म्हणून. मला नंतर कळलं. ती त्यांना म्हणाली, मेळा झाला की जाते. ह्या झाडांपायी, मावशी. ह्या असल्या झाडांपायी.”

कंडक्टर पुढे होऊन काही बोलणार होते, मी हात धरून त्यांना थांबवलं. ती खोटं कुठं बोलत होती?

तेवढ्यात एक बाई आली. डोक्यावर पदर, काखेत लेकरू, हातात पुरचुंडी. तांड्यावरून एसटीनं आली होती. मलाच विचारलं, “सिस्टरबाई कुठं हायेत? कवाच्या आल्या न्हाईत आमच्याकडं. नवीन बाई येती, तिला विचारलं तर तिला म्हाईत न्हाई. भोकराच्या बिया ठिवल्यात त्यांच्यासाठी.”

लेकच म्हणाली, “ती गेली. मी तिची लेक.”

बाईला आधी कळलं नाही. “कुठं गेल्या?”

मग कळलं. ती लेकराला घेऊन तिथंच मातीत बसली. रडली नाही. बराच वेळ लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली, पुरचुंडी लेकीच्या ओढणीत टाकली आणि तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. “तोंडावळा तोच हाय गं माय,” एवढंच म्हणाली.

लेक टेम्पोच्या फाळक्याला टेकली आणि ओढणी गच्च धरून रडली. मी शेजारी उभी राहिले. या वेळी ती मागे सरली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुम्हाला सांगितलं होतं का तिनं?”

“न्हाई गं.”

“मलाबी न्हाई.”

पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून असं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

कुंड्या दुपारपर्यंत संपल्या. कुणी शहागडला नेल्या, कुणी इथंच शेजारी. सिस्टरनं कवठाचं एक रोप बियापासून वाढवलं होतं, ते घ्यायचं माझ्या मनात होतं; पण एका नवऱ्या-बायकोनं ते हौसेनं उचललं आणि मी त्यांना ते पिशवीत घालून दिलं. बिया लेकीनं पुण्याला नेल्या. त्यांचं काय केलं, मी विचारलं नाही.

मेळा अजून भरतो. मी जाते, मांडते, विकते. पण खरं सांगायचं तर मला सिस्टरचा राग येतो, आणि तो राग कुणाजवळ काढावा कळत नाही. बाकीच्यांना वाटतं ती मेळ्यासाठी थांबली. तिचा मोठेपणा म्हणून ते भाषणात सांगतात. मी तेव्हा चहा बघायला निघून जाते.

लेक अधूनमधून फोन करते. पाऊस-पाणी, तिची नोकरी, माझे गुडघे, असंच बोलणं होतं. मागच्या महिन्यात फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “मावशी, मेळा-बिळा नुसतं निमित्त असंल हो. आई घाबरली असंल का?”

मी फोन कानाला तसाच लावून पायरीवर बसले, आणि तिनंही तो ठेवला नाही.