सरांच्या आवाजातला फोन

पुढं शिकायचं का नोकरी धरायची, एवढं वाचलात आन् तुम्ही सगळं ओळखून बसला असाल. बाप न्हाई म्हणतो, पोरगं कोपऱ्यात रडतं, माय गळ्यातलं मोडते, मग पोरगं विमानात बसून खिडकीतून खाली बघत डोळे पुसतं. तसलं काही झालं न्हाई बघा. कुणी रडलं न्हाई. आमच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, गळ्यातलं गळ्यातच हाय. आन् विमान म्हणाल तर ते आमच्या औरादवरून जातं, थांबत न्हाई.

झालं ते एका फोनमुळं झालं. आन् तो फोन मीच केलो.

कलबुर्गीला कॉम्प्युटरची इंजिनिअरिंग संपत आली तवा माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, बेंगळूरच्या कंपनीतली नोकरी. दुसरी, एम.टेक.ची सीट, दोन वर्षाची. दोन्हीकडं शुक्रवारपर्यंत व्हय का न्हाई कळवायचं होतं.

माझी चूक अशी झाली की नोकरीची बातमी आधी आली आन् ती मी घरी सांगून बसलो. औरादला आमचं बी-बियाणाचं दुकान हाय. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच दिवशी पेढे घेऊन आले. तुरीचं बी मागायला गिऱ्हाईक आलं की हातावर आधी पेढा, मग बी. एका म्हाताऱ्याला साखरेचा आजार हाय, तो नको नको म्हणायला लागला, तर त्याला अर्धा दिले, पण दिले. दुकानात येणारा प्रत्येक जण "शरणु" म्हणतो, आमच्या लिंगायतांचा नमस्कार तो, आन् अप्पा मान वर न करता "शरणु शरणार्थी" म्हणतात. आमच्या घरात ते शिंकेसारखं हाय, समोरून शरणु आलं की तोंडातून आपोआप निघतं. तर त्या दिवशी शरणु, शरणार्थी, पेढा, आन् "पोरगं बेंगळूरला जायलंय", असं दिवसभर चाललं.

एम.टेक.ची सीट आली त्याच्या चार दिवसांनी. ती मी घरात कुणाला बोललोच न्हाई.

आता माझा एक नाद सांगतो. मी नकला करतो. सहावीत असताना हेडमास्तरच्या आवाजात "सुट्टी!" म्हणलो, तर दोन वर्ग दप्तर घेऊन घरी गेले. एक मास्तरबी गेले. बसचा कंडक्टर, टीव्हीवर बातम्या वाचणारी बाई, आमच्या आठवडी बाजारात तेलुगूत भांडून मराठीत पैसे मागणारी मिरचीवाली, सगळी माझ्या गळ्यात राहायला हायत. भाडं देत न्हाईत.

हाच नाद शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टात घुसला. माणसानं बोललेलं ऐकून लिहून काढायचं, असलं काम मी घेतलो होतो. पहिला आवाज अव्वाचा घ्यायचं ठरवलो. मोबाईल तिच्यासमोर धरलो तर पडद्यावर आलं, आधी भाषा निवडा. मी म्हणलो, "अव्वा, एक कुठली तरी निवड."

"कामून निवडू?" ती म्हणली. "तिन्ही माझ्याच हायत."

खरंच होतं ते. अव्वा भाकरी थापताना मराठी बोलते, देवापुढं कन्नड, आन् चिडली की दक्खनी. कवा कवा तिन्ही एका दमात. यंत्राला पहिले चार शब्द कळले, मग त्यानं हात टेकले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं. अव्वाला भाषा निवड म्हणणार न्हाई असलं काहीतरी करायचं.

हे मी आमच्या विभागाच्या मोठ्या सरांना दाखवलो. सर मंगळूरकडचे. त्यांची कन्नड इस्त्री केलेल्या शर्टासारखी, कुठं चुणी न्हाई. बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरणार, मग "नोडि" म्हणजे "बघा" म्हणणार, मग मुद्द्यावर येणार. त्यांनी अव्वाचं बोलणं तीनदा ऐकलं. एकदाबी हसले न्हाईत. म्हणले, "नोडि, हे दोन वर्षांचं काम आहे. एम.टेक. करा आणि हेच करा."

शुक्रवारला दोन दिवस राहिले तवा मी बीदरला होतो, तिथल्या मैलूर भागात एका दोस्ताच्या खोलीवर. सकाळपासून माझं भांडण चालू होतं, माझ्याशीच. अप्पाच्या आवाजात म्हणायचो, "आलेली नोकरी सोडतंय का कुणी?" मग सरांच्या आवाजात त्याला उत्तर द्यायचो. मधीच अव्वा यायची आन् दोघांना "आधी जेवा" म्हणायची. दोस्त पोहे खात बघत होता, फुकटचा खेळ.

शेवटी तो म्हणला, "सगळे बोलले रे. तू कवा बोलणार?"

मी म्हणलो, "मला एम.टेक. करायचंय."

आवाज असा बारीक आला की मलाच ओळखू येईना.

"मग सांग की अप्पाला."

"पेढे वाटलेत बे त्यांनी! अर्ध्या औरादनं खाल्लेत. कुठल्या तोंडानं सांगू?"

असं म्हणलो आन् तोंड सापडलं. सरांचं. सर खरंच म्हणले होते ना, एम.टेक. करा म्हणून? मग शब्द सरांचेच होते, आवाज तेवढा मी लावणार होतो. माझ्या हिशोबानं ही लबाडी अर्धीच होती. दोस्ताचा मोबाईल घेतलो, दोनदा घसा खाकरलो आन् नंबर लावलो. बोलणं सगळं कन्नडात झालं, तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

"नमस्कार. कॉलेजातून बोलतोय. नोडि, आपला मुलगा फार हुशार आहे."

"असं म्हणता?" अप्पा म्हणले. "घरात तर कवा दिसलं न्हाई."

दोस्तानं उशी तोंडात धरली. मी गडी हललो न्हाई. सीट मिळाली आहे, काम चांगलं आहे, नोकरी काय दोन वर्षांनीही मिळेल, सगळं इस्त्री करून सांगितलो. पलीकडं तराजूत बी ओतल्याचा आवाज आला, मग तो थांबला.

"सर, एक विचारू का? राग मानू नका." अप्पा हळू बोलायले होते, दुकानातल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये असं. "हे त्याला स्वतःला पायजे का? लेकरू आमचं नकल्या हाय. ल्हानपणी डॉक्टर बघितला की डॉक्टर, कंडक्टर बघितला की कंडक्टर. आता तुमाला बघून मास्तर व्हायची हौस आली असंल, तर चार महिन्यात उतरंल. पण खरंच पायजे असंल तर मी आडवा येत न्हाई. पेढ्याचं काय एवढं. खाऊन झाले ते."

असलं अप्पा माझ्याशी कवाच बोलले नव्हते. सरांचा आवाज गळ्यात हाय का गेला, तेबी मला कळंना.

"त्याला खरंच पाहिजे आहे," मी म्हणलो. सगळ्या फोनमधलं तेवढं एक वाक्य सरांचं नव्हतं.

"बरं सर. तुम्ही एवढा फोन केलात, लई बरं वाटलं. शरणु."

"शरणु शरणार्थी," मी म्हणलो.

हातबी जोडलो, मोबाईलसकट.

सर नमस्कार म्हणतात. चार वर्षात त्यांच्या तोंडून शरणु मी ऐकलो न्हाई, त्यांच्याकडं तशी रीतच न्हाई. हे मला ठाऊक होतं, आन् माझ्यापेक्षा चांगलं अप्पाला ठाऊक होतं. पलीकडनं अप्पा एकदम मराठीत म्हणले,

"जेवायला घरी ये."

आन् फोन ठेवले.

बीदर ते औराद दीड तासाची बस. कंडक्टर तोच, ज्याची मी दर खेपेला त्याच्याच तोंडासमोर नक्कल करतो. गप तिकीट घेतलो तर तो म्हणला, "काय रे, बरं न्हाई का?" खरं सांगू? भ्या वाटायलं होतं, पण आत कुठंतरी गारबी वाटायलं होतं. आडवा येत न्हाई म्हणले होते ना. सरांना म्हणले होते, पण ऐकलो तर मीच होतो.

घरी पोचलो तर अव्वा दारातच. "काय करून आलास? अप्पा मघापासून एकटेच हसायलेत, मधीच चिडायलेत."

अप्पा ताटावर बसलेले. मला बघितले आन् हसू कुठं गेलं काय की.

"ये. बस. तिकडं न्हाई, समोर बस. लाज वाटती का? मास्तर माणसाचा आवाज चोरलास! मी कॉलेजात आलतो तवा त्या माणसाला शरणु म्हणलो, तर ते नमस्कार म्हणून खुर्ची दिले. एकदाच भेटलो, मला ध्यानात हाय. तू चार वर्ष ऐकायलास त्याला, तुला न्हाई? आन् म्हणं आवाज ओळखायचं यंत्र करणार! आधी स्वतःचं तोंड ओळख. हसू नकोस. अगं, त्याला भाकरी नको वाढू एवढ्यात. बाप हाय मी तुझा, माझ्याशी बोलायला दुसऱ्याचं तोंड कामून लावतोस? मी काय खातो का तुला? शिकायचंय तर शीक की दोन वर्ष, कोण धरलंय? पण उद्या सकाळी उठायचं आन् ज्याला ज्याला पेढा दिलाय त्याच्या दारात जायचं. नोकरीला जात न्हाई, शिकायलोय म्हणून सांगायचं. तुझ्या आवाजात. कुणाची नक्कल केलास म्हणून कळू दे मला, मग बघ. आन् त्या साखरेच्या म्हाताऱ्याकडं पहिल्यांदा जा. तुझ्यापायी अर्धा पेढा खाल्लाय त्यानं!"